बोटं पांढरी पडतात, पण रिपोर्ट नॉर्मल आहेत

पत्राचा सारांश: नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एका प्राथमिक शिक्षिकेचं हे पत्र आहे. एकत्र कुटुंब, द्राक्षाची बाग, घरात सासू-सासरे, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. गेले तीन हिवाळे पहाटे भांडी घासताना किंवा धुणं धुताना त्यांच्या दोन्ही हातांची मधली तीन बोटं पांढरीफटक पडतात आणि पार बधिर होतात. मग ती निळसर होतात आणि शेवटी लाल होऊन ठणकतात. पायाच्या बोटांनाही तेच होतं, पण कमी. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. थंडीत स्कूटीवरून शाळेत पोचल्यावर खडू धरता येत नाही. गावातल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि साखर तपासली, 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, थंडीने होतं' म्हणाले आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. फरक पडला नाही. सासूबाई म्हणतात, 'आम्ही उभा जन्म विहिरीवर धुणी धुतली, आमची बोटं नाही मेली कधी.' नवरा मधे पडत नाही. जाता जाता त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत: अर्धशिशीसाठी त्या तीन वर्षांपासून रोज एक गोळी घेतात, आणि हल्ली सकाळी अंगठी बोटातून निघत नाही. त्या विचारतात, 'हे मी मनानेच घेतलंय का? रिपोर्ट नॉर्मल असताना घरात गिझर आणि कामाची वाटणी मागायचा मला हक्क आहे, की सहन करावं?'

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. मला खरंच काही झालंय का, हा एक. मला कोमट पाणी मागता येईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कागदावर छापून मिळाल्याशिवाय दुसरा उच्चारायचाच नाही, असं तुम्ही ठरवून टाकलंय. मला ते मान्य नाही. डिसेंबरातल्या निफाडमध्ये पहाटे साडेपाचला ज्या माणसाचे हात गारठतात, त्याला कोमट पाणी मिळायला आजाराचं सर्टिफिकेट लागत नाही. पण पहिला प्रश्नही 'थंडीने होतं' एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही. म्हणून दोन्हींवर लिहिते, आणि जरा सविस्तर लिहिते, कारण अशी बोटं घेऊन गप्प बसलेल्या तुम्ही एकट्या नाही.

पत्रावरून निदान कुणी करू नये, मीही करत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की त्याचं नाव सांगायला हरकत नाही. थंडीचं निमित्त होतं, बोट एका ठरावीक रेषेपर्यंत पांढरं पडतं, मग निळं, मग लाल, आणि थोड्या वेळाने काही झालंच नव्हतं असं दिसतं. याला रेनॉड्स फिनॉमेनन म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात याचं वर्णन केलं. म्हणजे तुमच्या बोटांना जे होतंय ते दीडशेहून अधिक वर्षं वैद्यकाच्या पुस्तकात आहे. ते तुम्ही मनाने तयार केलेलं नाही.

होतं काय, तर आपल्या हातापायांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर दोन कामं असतात. बोटांना रक्त पुरवणं हे एक, आणि शरीराची ऊब राखणं किंवा बाहेर सोडणं हे दुसरं. थंडी वाजली की त्या प्रत्येकाच्याच आकसतात, म्हणजे आतली ऊब आतच राहते. तुमच्यासारख्यांच्या मात्र त्या गरजेपेक्षा फार जास्त आकसतात, जवळजवळ मिटतातच. रक्त पोचत नाही म्हणून बोट पांढरं आणि बधिर. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो म्हणून निळं. वाहिनी पुन्हा उघडली की रक्त लोंढ्याने परत येतं म्हणून लाल, आणि तेव्हाच सगळ्यात जास्त ठणका. तिन्ही रंग प्रत्येकाला दिसतीलच असंही नाही. आपल्याकडच्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर पांढरेपणा राखाडी किंवा पिवळट दिसतो आणि सहज नजरेतून सुटतो. अशा वेळी नखाखालचा भाग आणि तळहाताकडची बाजू पाहावी.

आता 'मनाने घेतलंय का' या प्रश्नाकडे येते. या वाहिन्यांना आकसायचा हुकूम देणाऱ्या ज्या नसा आहेत, त्याच नसा भीतीत, रागात, ताणातही कामाला लागतात. त्यामुळे काही जणांची बोटं भांडणात किंवा परीक्षेच्या हॉलमध्येही पांढरी पडतात. सासूबाईंचं ते वाक्य ऐकून तुम्ही नळाखाली हात धरता तेव्हा थंडी आणि अपमान दोन्ही एकाच वाहिनीवर येऊन पडत असतील, हे अगदी शक्य आहे. पण ताणाने झटका येतो याचा अर्थ झटका खोटा असा होत नाही. बोट खरंच पांढरं पडतं. नवऱ्याला दिसेल, मुलीला दिसेल, मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही दिसेल.

'रिपोर्ट नॉर्मल' हे शब्द तुम्ही पत्रात बऱ्याच वेळा लिहिलेत, जणू तो निकाल आहे. कोणते रिपोर्ट, ते पाहू. हिमोग्लोबिन आणि साखर. दोन्ही नॉर्मल आहेत ही चांगली गोष्ट आहे, पण या त्रासाचा शोध त्या तपासण्यांनी लागतच नाही. बी-ट्वेल्व्हचंही तसंच. ते कमी असलं की मुंग्या येतात, पण त्या बहुतेक पायांपासून सुरू होतात आणि दिवसभर राहतात. गार पाण्याशी त्यांचा संबंध नसतो आणि बोटाचा रंगही बदलत नाही. मधुमेहात नसा खराब झाल्या तरी चित्र साधारण असंच. तुमचा त्रास येतो, रंग दाखवतो आणि जातो. गावातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. तुम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं गुलाबी झालेली असतात, मग त्यांनी पाहायचं काय? म्हणून पुढचा झटका आला की फोटो काढा. एक पांढरं पडलेलं असताना, एक निळं, एक लाल. फोनमध्ये तारीख-वेळ आपोआप राहते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी एक खूण करा आणि बाजूला एखादा शब्द: भांडी, स्कूटी, फ्रिज, भांडण. चार आठवड्यांचं ते पान डॉक्टरांना कुठल्याही रक्ततपासणीइतकं उपयोगी पडेल.

हा त्रास दोन प्रकारचा असतो आणि पुढचं सगळं या फरकावर ठरतं. पहिल्या प्रकारात मागे दुसरा कोणताही आजार नसतो, वाहिन्या नुसत्या फार हळव्या असतात. तो बहुतेक १५ ते ३० या वयात सुरू होतो, बायकांत जास्त दिसतो, कधी कधी आईला, मावशीलाही असतो. दोन्ही हातांना सारखा होतो, अंगठा सहसा सुटतो, जखमा होत नाहीत. शंभरात तीन ते पाच जणांना तो असतो. यातल्या बहुतेकांचं आयुष्य ऊब सांभाळून नीट जातं. रेनॉडच्या प्रबंधाच्या शीर्षकातच गँगरीनचा उल्लेख होता, आणि आजही इंटरनेटवर शोधलं की काळ्या पडलेल्या बोटांचे फोटो आधी समोर येतात. तुमच्यासारखं वर्णन असणाऱ्या बहुतेकींच्या वाट्याला ते कधीच येत नाही. कृपा करून रात्री ते फोटो पाहत बसू नका.

दुसऱ्या प्रकारात मागे काहीतरी कारण असतं. कधी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, तसे आजार: ल्युपस, किंवा कातडी कडक करत नेणारा स्क्लेरोडर्मा. स्क्लेरोडर्माच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांना बोटांचा हा त्रास असतो, आणि बाकीची लक्षणं दिसायच्या कितीतरी आधी, कधी काही वर्षं आधी, तो सुरू झालेला असतो. उलटं मात्र खरं नाही, हे लक्षात घ्या. बोटं पांढरी पडणाऱ्या बहुतेकांना स्क्लेरोडर्मा नसतो. कधी कारण थायरॉइड मंदावण्याचं असतं, कधी औषधाचं, कधी तंबाखूचं, कधी वर्षानुवर्षं हातात धरलेल्या यंत्राच्या थरथरीचं.

आता तुमच्या त्या जाता जाता लिहिलेल्या दोन ओळी. माझ्या मते तुमच्या पत्रात त्याच सगळ्यात महत्त्वाच्या आहेत.

अर्धशिशीची रोजची गोळी तीन वर्षांपासून, आणि बोटांचा त्रास तीन हिवाळ्यांपासून. हा योगायोग असू शकतो. पण अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून रोज दिल्या जाणाऱ्या औषधांत प्रोप्रानोलॉल हे एक नेहमीचं औषध आहे, आणि त्याने हातपाय गार पडणं, बोटं पांढरी पडणं हे होऊ शकतं. डोकं दुखायला लागल्यावर घ्यायच्या काही गोळ्यांत अर्गोटामिन असतं. ते तर रक्तवाहिन्या थेट आकसवतं आणि या त्रासात टाळायलाच हवं. गोळीच्या पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं, त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. ते वाचा, फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा. मात्र हे वाचून उद्यापासून गोळी बंद करू नका. प्रोप्रानोलॉल एकदम थांबवलं तर छातीत धडधड होऊ शकते, डोकेदुखी उसळू शकते. ते हळूहळू कमी करतात आणि अर्धशिशीसाठी दुसरं औषध देता येतं. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी नाक मोकळं होतं, त्यांतल्या काहींनीही वाहिन्या आकसतात. दुकानातून सर्दीची गोळी घेताना हा त्रास सांगून घ्या.

दुसरी ओळ अंगठीची. सकाळी बोटं फुगल्यासारखी वाटणं साध्या कारणांनीही होतं: वजन वाढलं, मीठ जास्त झालं, थायरॉइड मंदावलं. पण बोटं पांढरी पडणं आणि बोटं फुगणं ही जोडी एकत्र आली की डॉक्टरने थांबून नीट पाहायला हवं, कारण स्क्लेरोडर्माची सुरुवात कधी कधी अशीच होते. तुमचा त्रास तिशी ओलांडल्यावर सुरू झालाय, हेही मी त्यात धरते. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. बहुधा तपासणी स्वच्छ येईल आणि तुमची झोप परत येईल. पण ती व्हायला हवी, आणि पुढच्या हिवाळ्यावर ढकलायला नको.

नाशिकला एखाद्या चांगल्या फिजिशियनकडे जा. शक्य असेल तर संधिवाततज्ज्ञाकडेच जा, कारण बोटांच्या या आजारांची सवय त्यांना जास्त असते. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन विभागातून सुरुवात करता येते. डॉक्टर नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून तिथल्या केशवाहिन्या पाहतील. दुखत नाही, टोचत नाही, आणि पहिला प्रकार की दुसरा हे ठरवायला याच्याइतकी उपयोगी तपासणी दुसरी नाही. रक्तात बहुधा एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटली आहे का, याचा अंदाज देणारी तपासणी), ईएसआर (शरीरातल्या दाहाची) आणि टीएसएच (थायरॉइडची) सांगतील, सोबत लघवीची साधी तपासणी आणि रक्तदाब. एएनए पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच रडू नका. कमी प्रमाणात तो बऱ्याच धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येतो. केशवाहिन्या कशा आहेत, लक्षणं काय आहेत, हे सगळं एकत्र धरूनच त्याचा अर्थ लागतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा: घास गिळताना अडकतो का, छातीत जळजळ आहे का, चढ चढताना नवा दम लागतो का, सांधे दुखतात का, डोळे-तोंड कोरडं पडतं का, उन्हात चेहऱ्यावर चट्टे येतात का, हातांची कातडी ताठ वाटते का. 'हे बोटांशी संबंधित नसेल' असं आपण घरीच ठरवतो आणि सांगायचं राहून जातं.

सासूबाईंबद्दल लिहायचं तर मी त्यांच्या वाक्यावर बराच वेळ विचार केला. तुम्हाला ते टोचलं, साहजिक आहे. पण त्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती कदाचित त्यांनाही माहीत नसेल. त्या विहिरीवर धुणी धुवायच्या. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, आपल्याकडे ते साधारण २५ अंशांच्या आसपास राहतं. म्हणून भर थंडीत विहिरीच्या ताज्या पाण्यातून वाफा निघताना दिसतात आणि ते हाताला कोमट लागतं. तुम्ही भांडी घासता ते पाणी गच्चीवरच्या टाकीतलं. ते रात्रभर उघड्यावर गारठत पडलेलं असतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी ज्या सकाळी येते, त्या सकाळी तुमच्या टाकीतलं पाणी काय असेल! सासूबाईंचे हात आणि तुमचे हात एकाच थंडीत होते, पण एकाच पाण्यात नव्हते.

आणि तुमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कडाक्याची थंडी पडली की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे द्राक्षबागेला पाणी सोडतात, बांधावर शेकोट्या पेटवतात. ते पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असतं, कारण ते उबदार असतं. सासरे पहाटे मोटर चालू करतात असं तुम्हीच लिहिलंय. ज्या पाण्याने वेली वाचतात त्याच पाण्याच्या दोन बादल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारी भरून ठेवायला कुणाची परवानगी लागू नये. गिझरची चर्चा होईल तेव्हा होईल. हे उद्या सकाळपासून होऊ शकतं.

म्हणून सासूबाईंशी बोलायची सुरुवात आजारापासून करू नका. त्यांना विहिरीबद्दल विचारा. थंडीत पाणी कसं लागायचं, धुणं किती वाजता न्यायचे, ऊन आल्यावर की आधी. त्यांना बोलू द्या. बहुतेक बायका धुणं घेऊन विहिरीवर जायच्या ते दिवस वर आल्यावर. पहाटे साडेपाचला, ओट्यावर, टाकीच्या नळाखाली हे काम आलं ते तुमच्या नोकरीच्या वेळेमुळे. मग फोटो दाखवा आणि सांगा, 'आई, मला टाकीचं पाणी सोसत नाही. मोटर चालू झाली की दोन बादल्या भरून ठेवू या, आणि एक तपेलं गरम पाणी त्यात मिसळते.' यात मागणं आहे, तक्रार नाही. 'मला किती त्रास होतो ते तुम्हाला समजत नाही' या वाक्याने सुरुवात झाली की समोरचा माणूस स्वतःच्या त्रासाचा हिशेब काढतो, आणि त्यांच्याकडे तो मोठा असणार.

पण सगळं समजूतदारपणाचं ओझं तुम्हीच घ्यावं असं मी म्हणणार नाही. नवरा मधे पडत नाही असं लिहून तुम्ही पुढच्या विषयाकडे गेलात. मी तिथेच थांबले. तुम्ही त्यांना हात दाखवलाय का? पांढरा असताना? पत्रात तुम्ही लिहिलंय की बोटं पदरात लपवून उभी राहते. मग त्यांनी काय पाहिलं असेल? एकदा त्यांना त्या वेळी हाक मारा, बोट हातात द्या, किती गार आहे ते कळू द्या. आणि त्यांना सरळ सांगा, 'थंडीचे तीन महिने पहाटेची भांडी तुम्ही घासायची.' ही विनंती नाजूक शब्दांत गुंडाळायची गरज नाही. तेही त्याच घरात जेवतात. धुणं तुम्ही शाळेतून आल्यावर, दुपारच्या उन्हात तापलेल्या टाकीच्या पाण्यात धुवा. तेच गच्चीवरचं पाणी चार वाजता हाताला सुखाचं लागतं. बाग ज्या वर्षी चांगली जाईल त्या वर्षी मशीनचा विषय काढायचा, आणि तो विषय नवऱ्याने काढायचा.

तुम्ही विचारलंत, सहन करावं का. सहन करण्याने या त्रासात काही कमावता येत नाही. रोज गार पाण्यात हात घालून वाहिन्यांना थंडीची सवय लागेल, असं काही जण सांगतील, ते ऐकू नका. प्रत्येक झटक्यात बोटाचा रक्तपुरवठा थांबतो. तो जितक्या कमी वेळा थांबेल तितकं बरं.

आता रोजच्या वापरातल्या काही गोष्टी, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. सगळ्यात मोठी चूक होते ती नुसते हातमोजे घालण्याची. छाती, पोट, मान, डोकं गारठलं की शरीर बोटांचं रक्त आत ओढून घेतं, मग हातात लोकरीचे मोजे असले तरी बोटं पांढरी पडतात. म्हणून उठल्या उठल्या, चुलीपाशी जायच्या आधी स्वेटर, कानटोपी, पायात मोजे. साडीवर नुसती शाल घेतली तर काम करताना ती घसरते. आतून पूर्ण बाह्यांचं थर्मल आणि वर बिनबाह्यांचं जाड जाकीट काम करताना आड येत नाही. भांडी घासताना रबरी हातमोजे, पण आत सुती पातळ मोजे, आणि एक माप मोठे. घट्ट मोजा रक्त आणखी अडवतो. पायातल्या मोज्यांचं आणि बुटांचंही तेच.

स्कूटीवर वारा हा खरा शत्रू. वारा आत शिरू न देणारे हातमोजे हवेत. चारही बोटं एकत्र राहतात असे मिळाले तर उत्तम, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. पण त्यात ब्रेक नीट दाबता येतो ना, ते आधी अंगणात पाहून घ्या. हँडलवर बसवायचे वाऱ्याचे कव्हर गॅरेजवाल्याकडे मिळतात, ते लावा. साडीवर विंडचीटर, हेल्मेटखाली कानटोपी. पारा फार उतरलेल्या दिवशी एसटीने जा. बधिर बोटांनी ब्रेक दाबणं हा वेगळाच धोका आहे. मुख्याध्यापकांना एकदा सांगून ठेवा, म्हणजे परिपाठाला मैदानात उभं राहावं लागलं तर हात खिशात का आहेत हे विचारलं जाणार नाही.

घरात फ्रिज विसरू नका. दुधाची पिशवी, बर्फाचा ट्रे, फ्रीझरमधले मटार काढताना शेजारी फडकं ठेवा. हा त्रास फक्त हिवाळ्याचा नाही. मे महिन्यात उन्हातून एकदम एसीच्या बँकेत शिरलं तरी काहींची बोटं पांढरी पडतात, कारण तापमानातला अचानक बदलही वाहिन्यांना पुरतो.

झटका आलाच तर काम तिथेच सोडा. हात काखेत दाबून धरा, किंवा मोकळ्या जागेत हात खांद्यापासून गोल फिरवा, म्हणजे रक्त बोटांकडे जातं. कोमट पाण्यात हात बुडवा, पण पाणी आधी कोपराने किंवा मुलीच्या हाताने पाहून घ्या. बधिर बोटाला चटका कळत नाही. म्हणूनच चुलीपाशी, शेकोटीपाशी, गरम पाण्याच्या पिशवीवर बोटं धरू नका. हात शेकताना कातडी भाजलेली समजलीच नाही, असं घडतं, आणि अशा बोटावरची जखम भरायला फार वेळ लागतो.

एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, तुम्हालाही विचारते: मशेरी लावता का? ग्रामीण महाराष्ट्रात कितीतरी बायका सकाळी दात घासायला म्हणून लावतात आणि तिला तंबाखूत धरत नाहीत. तंबाखू कुठल्याही वाटेने आत जाऊ दे, त्यातलं निकोटीन याच वाहिन्या आकसवतं. तुम्ही लावत नसाल तर फार छान. सासूबाई लावत असतील तर त्यांच्यासाठीही हे लागू आहे.

एवढं सांभाळूनही झटके कमी झाले नाहीत तर औषधं आहेत. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं निफेडिपिन किंवा अम्लोडिपिन या वाहिन्या सैल ठेवतं. कितीतरी जणांना ते फक्त थंडीच्या महिन्यांत घ्यावं लागतं. त्याने डोकं दुखू शकतं, पायावर सूज येऊ शकते, रक्तदाब उतरू शकतो, आणि तुम्हाला अर्धशिशी आहे, म्हणून ते डॉक्टरांनी मोजूनमापूनच द्यायचं. शेजारणीच्या बीपीच्या गोळीतली अर्धी घेऊन पाहायची नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तोही आधी सांगा.

घरातल्या पुरुषांसाठीही थोडं. दगड फोडायचं ब्रेकर किंवा ड्रिल रोज तासन्‌तास धरणाऱ्यांची बोटं अशीच पांढरी पडतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांच्या 'मेलेल्या बोटां'ची तपासणी अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी १९१८ साली केली होती, आणि कारण हवेच्या दाबावर चालणारा हातोडा हे होतं. असं काम करणाऱ्याने डॉक्टरांना आपलं काम सांगायलाच हवं. आणि बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषाचं बोट पांढरं पडत असेल, चालताना पोटरी किंवा तळवा दुखत असेल, बोटाच्या टोकाला जखम होत असेल, तर तो बर्जर नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्यात बिडी पूर्ण सुटली तरच बोटं वाचतात. 'कमी केली' चालत नाही.

ताई, तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात बादल्या आणि स्वेटर. महिनाभर फोटो आणि कॅलेंडर. महिना संपायच्या आत नाशिकची अपॉइंटमेंट, आणि तिथे गोळीचं पाकीट पर्समध्ये, अंगठीची गोष्ट तोंडावर. अंगठी आज रात्री, बोटं मऊ असताना, साबण लावून काढून ठेवा. जाताना नवऱ्याला सोबत न्या. डॉक्टर जे सांगतील ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं तर घरात ते तुम्हाला पुन्हा सांगत बसावं लागणार नाही.

मात्र यातलं काही दिसलं तर महिन्याची वाट पाहू नका: बोटाच्या टोकाला जखम किंवा काळा ठिपका, ऊब देऊनही तासाभरात रंग न येणारं बोट, एकाच हाताचं किंवा एकच बोट पुन्हा पुन्हा पांढरं पडणं, किंवा नव्याने लागलेला दम. जखम, काळा ठिपका, रंग न परतणारं बोट किंवा दम असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि शाळेला रजेचा अर्ज नंतर द्या.